अण्णांच्या मागचं पांढरं

काही पदे निवडणूक लढवून मिळतात, काही वशिल्याने मिळतात आणि काही सभेला उशिरा पोचल्यामुळे मिळतात. स्मरणिकेचे संपादकपद हे तिसऱ्या जातीचे. आमच्या रहिमतपुरातल्या एका संस्थेला पंच्याहत्तर वर्षे पुरी झाली म्हणून बोलावलेल्या सभेला मी गुडघ्याला तेल चोळण्याच्या नादात वीस मिनिटे उशिरा गेलो. तोपर्यंत मांडव, जेवण, हारतुरे, पाहुण्यांना स्टेशनावरून आणणे ही सगळी सुखाची खाती वाटून झाली होती. मी दारात चपला काढतोय तोच टाळ्या वाजल्या. त्या माझ्या स्वागताच्या असाव्यात असे समजून मी नमस्कारही केला. इतिवृत्तात त्या नमस्काराची नोंद 'संपादकांनी संमती दिली' अशी झाली आहे.

"अहो, पण मी आयुष्यात अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"मग काय झालं? कानेटकर ह्याच गावचे की!" मागून कोणीतरी बोलले.

याला उत्तर नाही. वसंत कानेटकर १९२० साली रहिमतपुरात जन्मले ही गोष्ट खरी आहे. आणि १९६२ साली 'रायगडाला जेव्हा जाग येते' रंगभूमीवर आल्यापासून, ज्या मातीत असा माणूस जन्मतो त्या मातीत कोणालाही लिहिता येते, अशी आमच्या गावाची समजूत आहे. तिच्यापुढे माझ्या गुडघ्याचे काय चालणार?

स्मरणिका म्हणजे काय असते हे तुम्हाला ठाऊकच आहे. अध्यक्षांचे मनोगत, कार्याध्यक्षांचे मनोगत, ज्यांना मनोगत नाही त्यांच्या शुभेच्छा, आणि उरलेल्या जागेत पेढेवाल्यापासून पंपवाल्यापर्यंत सगळ्यांच्या जाहिराती. मी एकच अट घातली. एक पान माझे. त्या पानावर आमचे अण्णा येतील.

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. साताऱ्याच्या एका छापखान्यात चौतीस वर्षे कंपोझिटर होते. याला मराठीत 'जुळारी' असा छान शब्द आहे, पण अण्णांना जुळारी म्हणून हाक मारली असती तर त्यांनी मागे वळून पाहिले नसते. संस्थेचा वार्षिक अहवाल ते रात्री थांबून, फुकट, स्वतःच्या हाताने जुळवायचे. खजिनदाराच्या शिलकेपासून आभारप्रदर्शनापर्यंत प्रत्येक अक्षर त्यांच्या बोटांतून गेले. नाव मात्र कुठेच नाही. छापखान्याचे नाव छापायची रीत आहे, खिळे जुळवणाऱ्याचे छापायची नाही. अण्णा गेले त्यालाही आता बरीच वर्षे झाली.

फोटोचीही तीच कथा. संस्थेच्या रौप्यमहोत्सवाचा एक ग्रुप फोटो आहे. खुर्च्यांवर पदाधिकारी, मागे उभे सभासद, आणि सगळ्यात मागे अगदी कडेला, अर्धवट लिंबाच्या सावलीत, अण्णा आणि मी. हा एवढाच. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, ह्यांचा एकट्याचा फोटो नाही हो एकसुद्धा. तेवढा नीट छापा. मोतीबिंदू काढलाय, आता दिसतंय मला."

तेव्हा ठरले असे की, पानभर गावाच्या वेशीचे फिकट चित्र आणि तिच्यासमोर ग्रुपमधून सुटे काढलेले अण्णा. एसटी स्टँडासमोर आमचा डीटीपीवाला आहे. पोरगा हुशार. दुकानाच्या पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, पॅनकार्ड आणि तळाला बारीक अक्षरात डीटीपी. त्याने दोन दिवसांनी मोबाइलवर पानाची पीडीएफ पाठवली. मी चष्मा लावून पाहिले. वेस होती. अण्णा होते. आणि अण्णांच्या भोवती एक लख्ख पांढरा चौकोन होता. वेशीवर कोणीतरी रेशनकार्डाचा फोटो खळीने चिकटवल्यासारखा.

अध्यक्षांना दाखवले. ते गंभीरपणे म्हणाले, "काळी चौकट असती तर कैलासवासी हे लोकांना कळलं असतं. पांढरी म्हणजे माणूस हयात असल्याचा गैरसमज व्हायचा."

मी तडक दुकान गाठले. पोरगा म्हणाला, "काका, मी मागचं समदं उडवलंय. हितं बघा, हाय का काय मागं?"

पडद्यावर अण्णांच्या मागे करड्या-पांढऱ्या चौकटी दिसत होत्या.

"मागे बुद्धिबळाचा पट आहे की रे!"

"त्यो पट म्हंजे काय न्हाई."

"काय नाही तर दिसतोय का?"

"काय न्हाई ह्ये दिसाया नगं का, काका?"

हे वाक्य ऐकून मी स्टुलावर बसलो. एवढे वेदान्ती वाक्य एसटी स्टँडासमोर ऐकायला मिळेल असे वाटले नव्हते. पण खरे सांगायचे तर, मला ते नवे नव्हते. अण्णांच्या छापखान्यात 'काही नाही' ही चक्क वस्तू होती. दोन शब्दांमध्ये जी मोकळी जागा दिसते तिथे शिशाचा तुकडा बसवावा लागतो. लहान जागेला स्पेस, मोठ्या जागेला क्वाड, दोन ओळींच्या मध्ये लेड. खिळ्याची उंची ०.९१८ इंच, हे तुकडे त्याहून बुटके, म्हणून त्यांना शाई लागत नाही आणि कागद तिथे कोरा राहतो. कवितेचे पान गद्यापेक्षा हलके असते असे आपल्याला वाटते. फर्मा उचलणाऱ्याला विचारा. मी लहानपणी अण्णांना विचारले होते, की काळी शाई डब्यात असते तशी पांढरी कुठे ठेवता? ते म्हणाले होते, "पांढरं छापायचं नसतं रे. सोडायचं असतं."

आमच्या भागातल्या छपाईचा सगळा इतिहास हा असा सोडण्याचा इतिहास आहे. नाना फडणवीसांच्या मनात तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून गीता छापायची होती. नाना १८०० साली गेले, आणि ते काम शेवटी १८०५ साली मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने तडीस गेले. तिथे तांबटाने कोरलेल्या खाचेत शाई राही, बाकीचा पत्रा पुसून घ्यायचा. पुसलेले ते पांढरे. पुढे शिळाप्रेस आला. दगडावर तेलकट खडूने काढायचे, बाकीचा दगड ओला ठेवायचा. ओल्याला शाई धरत नाही. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती अशाच, एकेका रंगाला एकेक दगड करून छापल्या गेल्या. लक्ष्मीच्या डोळ्यांतले पांढरे कुठल्याही दगडावर नव्हते. ते कागदाचे होते. आजोबांच्या देवघरातल्या तसबिरीत ते पिवळे पडत गेले तेव्हा देवीला कावीळ झाली असे आजी म्हणे. कावीळ कागदाला झाली होती.

फोटो छापायची विद्या आली ती हाफटोनची. म्युनिकच्या माइसेनबाखने १८८२ साली तिचे पेटंट घेतले. फोटो जाळीतून पाहायचा म्हणजे त्याचे ठिपके होतात. गडद जागी मोठे, उजळ जागी बारीक. ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे आणि मधले जस्त तेजाबाने खायचे. मग तो पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीचा केला की झाला ब्लॉक. ब्लॉकचे पैसे चौरस इंचावर लागत, त्यामुळे पुढाऱ्यांचे मोठेपणही चौरस इंचात मोजले जाई. आणि माणूस मागच्या भिंतीशिवाय एकटाच हवा असेल तर त्याच्या कडेकडेने जस्त कोरून मागचे सगळे खाली पाडायचे. याला कटआउट म्हणत. हे काम करणाऱ्याचा हात जरा हलला की वक्त्याचा कान गेलाच. एका माजी आमदारांचा टोपीचा शेंडा असाच साताऱ्यात गेला होता आणि तो ब्लॉक पुढे तीन निवडणुका तसाच वापरला गेला. लोकांना ते तसेच आहेत असे वाटू लागले होते.

या बाबतीत आमची रेल्वेची लाइन पहिल्यापासून भाग्यवान. औंधला जाणारी माणसे आमच्याच स्टेशनावर उतरत. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढणारे राजे. त्यांचे 'चित्ररामायण' १९१६ सालचे. पंडित सातवळेकरांसारखा चित्रकलेत हात बसलेला माणूस त्यांच्या आश्रयाने औंधात राहून वेद छापत होता. त्याच लाइनीवर पुढे किर्लोस्करवाडी. तिथून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले. नांगराच्या कारखान्याचे पत्रक होता होता ते मराठी घराघरातले मासिक झाले, कारण संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः ब्रश धरणारे होते. लोखंड ओतणाऱ्या गावातून इतकी देखणी पाने निघावीत याचे अण्णांना फार कौतुक. ते जुने अंक विकत घेत नसत, उलटे धरून बघत. वाचायला नव्हे, चित्राच्या कडा तपासायला.

आरपार दिसणे ही गोष्ट मात्र ब्लॉकला कधीच जमली नाही. ती जमली सिनेमाला, आणि गंमत अशी की, ती जमवणारा माणूस ब्लॉकमेकरच. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाआधी रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केले, स्वतःचा एनग्रेव्हिंगचा आणि छपाईचा कारखाना काढला, रंगीत छपाईसाठी जर्मनी गाठली. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला तो हे सगळे झाल्यावर. पडद्यावर देव प्रगट होतात आणि अंतर्धान पावतात ते एकाच फिल्मवर दोनदा चित्र घेऊन. पहिल्या वेळेचे राहते आणि दुसरे त्यावर चढते. देवातून मागचा खांब दिसतो. प्रेक्षक हात जोडत. छापखान्यात असे देवातून खांब दिसले असते तर गिऱ्हाइकाने पैसे दिले नसते.

ऑफसेट आले आणि कोरण्याऐवजी रंगवणे आले. फोटोची निगेटिव्ह फिल्म उजेडाच्या टेबलावर ठेवायची आणि जे छापायचे नाही ते लालसर घट्ट रंगाने ब्रश घेऊन बुजवायचे. अण्णांची शेवटची वर्षे यात गेली. खिळ्यांच्या केसी भंगारात गेल्या, शिसे वितळवले गेले आणि अण्णा पन्नाशीत ब्रश धरायला शिकले. त्याबद्दल ते एकदाच बोलले. म्हणाले, "आता सोडायलासुद्धा रंग लागतो."

त्यापुढची गोष्ट त्यांनी पाहिली नाही. १९८४ साली अमेरिकेतल्या अॅडोबी कंपनीने पोस्टस्क्रिप्ट नावाची, छपाई यंत्राला पान कसे काढायचे ते सांगणारी भाषा आणली आणि १९८५ साली पेजमेकर आला. तो काढणाऱ्या कंपनीचे नाव आल्डस, पंधराव्या शतकातल्या व्हेनिसच्या एका मुद्रकावरून ठेवलेले. म्हणजे वाडवडिलांची आठवण त्यांनाही होती. आपल्याकडे पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी घेऊन गल्लोगल्ली डीटीपी झाले आणि चौतीस वर्षांचे शिक्षण सहा महिन्यांच्या कोर्सात बसू लागले.

पण या पोस्टस्क्रिप्टच्या पोटात एक गोम होती. तिच्यात पांढरा हा रंग होता. काळ्यासारखाच, तांबड्यासारखाच. चुना मारणाऱ्या माणसासारखी तिची पद्धत: नंतरचा हात आधीच्याला झाकणार. खाली काय आहे याची चौकशी नाही. दोनशे वर्षे छापखान्यांनी पांढरे सोडले, आणि आता यंत्र ते फासू लागले. माणूस सुटा काढायचा तर त्याच्याभोवती एक रेघ आखून कात्रीने कापल्यासारखा कापायचा. त्यामुळे त्या काळातल्या जाहिरातींत सगळ्यांचे केस नुकतेच न्हाव्याकडून आल्यासारखे दिसतात. मागचे अर्धे दिसावे, सावली विरत जावी, यासाठी प्रत्येक बिंदूला वरचे किती आणि खालचे किती हा हिशेब लिहून ठेवावा लागतो. चित्रांच्या फायलीत तसा हिशेब ठेवायची युक्ती न्यूयॉर्कच्या एका संस्थेत १९७७ सालीच निघाली होती. तांबडा, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथा रकाना, फक्त 'नाही'चा. पीडीएफ जन्मली १९९३ साली. तिला हा चौथा रकाना समजायला २००१ साल उजाडले.

स्टुलावर बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आले की, हा चौथा रकाना म्हणजे अण्णांचा क्वाड. काही नाही हे सांगायला काहीतरी ठेवावे लागते. ते टाकून दिले की तिथे पांढरे येऊन बसते.

"तू ते चित्र कसलं केलंस?" मी विचारले.

"जेपीजी."

आता जेपीजीमध्ये चौथा रकानाच नाही. तिथे 'काही नाही' ठेवायची सोयच नसल्यामुळे तिने प्रामाणिकपणे पांढरे भरले. तेच चित्र पीएनजी केले असते तर रकाना राहिला असता. पोरग्याने कपाळावर हात मारला. पीएनजी केली होती म्हणे, पण ती घरच्या कॉम्प्युटरवरून दुकानात मोबाइलने 'फोटो' म्हणून पाठवली आणि वाटेत तिची जेपीजी झाली. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली असती तर धडधाकट पोचली असती. घरच्या कॉम्प्युटरवरची मूळ प्रत धाकट्या भावाने गेम घालताना पुसून टाकली होती. म्हणजे अण्णांना पुन्हा कापणे आले.

या वेळी मी शेजारी बसलो. पोरगा माउस धरून अण्णांच्या टोपीवरून, कानावरून सावकाश आला आणि खांद्याशी थांबला.

"काका, हितं एक हात हाय. दुसऱ्याच कुणाचा. उडवू?"

खांद्यावर चार बोटे होती. मनगटाच्या पुढचा माणूस आधीच कापला गेला होता.

"उडव. भुताचा वाटतोय."

त्याने उडवला. खांद्यात हाताएवढे भोक पडले आणि त्यातून बुद्धिबळाचा पट दिसू लागला.

"हाताच्या मागं खांदा न्हाईच की, काका. फोटूत आलाच न्हाई. दुसरीकडचा थोडा खांदा आणून चिकटवू का?"

मी जरा वेळ त्या भोकाकडे बघत होतो. मग म्हटले, "नको. हात परत आण."

त्याने का म्हणून विचारले नाही. पोरगा खरेच हुशार आहे.

नवी पीडीएफ झाली. पांढरा चौकोन गेला होता. पण अण्णांच्या छातीवरून आणि वेशीच्या कमानीवरून केसासारख्या बारीक पांढऱ्या रेघा गेल्या होत्या, आणि जिथे चौकोन होता तिथे आता किंचित वेगळ्या करड्या रंगाचा चौकोन दिसत होता. चौकोनाचे भूत म्हणा. छापखान्याचे यंत्र जुने असल्यामुळे त्यांनी जुन्या पद्धतीची, आरपार प्रकार नसलेली पीडीएफ मागितली होती. अलीकडच्या यंत्रांना एक्स-४ नावाची, २००८ सालापासूनची पीडीएफ चालते, तिच्यात आरपारपणा जसाच्या तसा जातो; जुन्यांना सगळे थर एकात बसवून द्यावे लागतात. हे बसवणे म्हणजे गोधडी. अण्णा आणि वेस जिथे एकमेकांवर येतात तिथले तुकडे कापायचे, दोघांचे रंग मिसळून नवे तुकडे करायचे आणि कडेला कडा लावून मांडायचे. त्या रेघा म्हणजे गोधडीची शिवण.

"छापताना येणार का रे या?"

"मोठं करून बघू." त्याने चित्र दुप्पट केले, चौपट केले, आठपट केले. अण्णांचे बटण ताटलीएवढे झाले. रेघ तेवढीच बारीक. "खरी फट असती तर बटनासंगं ती पण मोठी झाली असती. ही पडद्याचीच हाय, कागदावर न्हाई यायची." मला हे पटले. माझ्या चष्म्यावरचा चरा मी असाच ओळखतो.

करडा चौकोन मात्र खरा होता. मोठे केल्यावर तो मोठा झाला. पडदा तीन उजेडांत रंग मिसळतो आणि छापखाना चार शायांत. पानावरचे आरपार भाग पडद्याच्या परातीत कालवले गेले होते आणि बाकीचे पान शाईच्या. एकाच घरात दोन सुनांनी वेगवेगळे वरण केल्यासारखे. पोरग्याने मिसळणे शाईच्या परातीत करायला सांगितले, चित्राचा रंगही तसा बदलून घेतला, आणि भूत गेले. घरच्या प्रिंटरवर काढून आम्ही ते पान दुकानाबाहेर उन्हात धरले. रेघही नव्हती. पैसे विचारले तर म्हणाला, "कटिंगचं तीस. बाकीचं शिकन्यातच गेलं, काका."

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी गठ्ठे आले. पहिली प्रत घेऊन मी वहिनींकडे गेलो. त्यांनी माझ्याकडचे पान काढू दिले नाही. मलपृष्ठापासून एकेक पान उलटत आल्या, पेढेवाला, पंपवाला, मनोगते, सगळे बघत. ही सवय अण्णांची. मग ते पान आले. त्यांनी ते खिडकीशी नेले, जवळ धरले, लांब धरले. वेशीवरून बोट फिरवले, टोपीवरून फिरवले आणि खांद्याशी थांबवले.

"हात तुमचा ना, भावोजी?"

"हो. काढता येत नव्हता. म्हणजे काढला तर..."

"असू दे," त्या म्हणाल्या. बोट खाली मजकुरावर आले आणि सरकत सरकत दुसऱ्या ओळीत थांबले. त्यांनी चष्मा नीट केला.

"'चौतीस'मधली ती ऱ्हस्व पडलीय हो."